होल्स्टर स्वस्त असो, सैल नसो

परवान्याचं पिस्तूल मिळवताना माणूस महिनोन्‌महिने खपतो. अर्ज, पोलीस पडताळणी, जिवाला धोका असल्याचे कागद, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, मग शस्त्रविक्रेत्याकडे खेपा. हत्यारही स्वस्त नसतं. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचं हलकं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणलं, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. एवढ्या खटाटोपाने हाती आलेलं हत्यार अंगावर कशात बाळगायचं, हा प्रश्न मात्र काउंटरवर उभ्याउभ्या निकालात निघतो. दुकानदार एक कापडी खोळ पुढे करतो, गिऱ्हाईक ती कमरेला लावून बघतं आणि व्यवहार संपतो.

हा निर्णय पिस्तुलाच्या निवडीइतकाच गंभीर आहे आणि तो नीट घ्यायला फार पैसे लागत नाहीत, हे मला या लेखात सिद्ध करायचं आहे. पँटच्या आत, पट्ट्याच्या आतल्या बाजूला बसणारं होल्स्टर हेच आपल्याकडच्या सामान्य परवानाधारकासाठी योग्य आहे. ते स्वस्त असायला काहीच हरकत नाही. मात्र ते त्याच एका हत्याराच्या मापाचं हवं आणि त्याने चाप पुरता झाकला पाहिजे. या दोन अटी पाळल्या की किंमतीचा प्रश्न मागे पडतो. त्या पाळल्या नाहीत तर कितीही पैसे मोजा, कमरेला धोकाच बांधलेला असतो.

हे मी नायगावकर म्हणून लिहितो, कारण हा विषय आमच्या दारात आला आहे. मिठागरं, कोळीवाडा आणि भातशेतीचं हे गाव बघताबघता बदललं. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. पूर्वेला जूचंद्र-चंद्रपाड्याच्या बाजूने इमारतींची रांग उभी राहिली, कामणच्या दिशेने गोदामं आणि कारखाने वाढले, मालिकांच्या चित्रीकरणाचे सेट आले. जमिनीला भाव आला आणि भावामागोमाग भीती आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये विरारमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाची गोळ्या झाडून हत्या झाली. ज्यांना परवाना मिळाला आहे त्यांची भीती सरसकट खोटी ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण बिल्डर, सराफ, वाहतूकदार आणि त्यांचे अंगरक्षक याच रिक्षांतून, याच पुलावरून आणि याच विरार लोकलमधून फिरतात. गर्दीत त्यांच्या कमरेवरचं हत्यार माझ्या आणि तुमच्या अंगाला लागलेलं असतं. म्हणून ते कशात आहे हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आता विरुद्ध पक्षाची मतं एकेक करून तपासू.

पहिलं मत असं, की होल्स्टरची गरजच काय? पँट घट्ट असली, पट्टा आवळला, पिस्तूल खोचलं की झालं. हिंदी-मराठी सिनेमांनी हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या पक्कं केलं आहे. नायक पाठीमागे कमरेत पिस्तूल सरकवतो, मारामारी करतो, पळतो, गच्चीवरून उडी मारतो आणि पिस्तूल जागच्या जागी असतं. पडद्यावर ते राहतं, कारण ते बहुधा खेळण्यातलं असतं आणि दृश्य तुकड्यातुकड्याने घेतलेलं असतं. खरं पिस्तूल भरलेलं असतं, वजनाला जड असतं आणि मुठीच्या बाजूला त्याचा भार जास्त असतो. चालताना, बसताना, उठताना ते दर वेळी थोडं सरकतं. सरकलं की माणूस ते वर ओढतो किंवा पडताना पकडतो. पकडताना बोट नेमकं कुठे पडेल हे कुणालाच सांगता येत नाही.

अमेरिकी फुटबॉलमधला नामवंत खेळाडू प्लॅक्सिको बरेस याचं उदाहरण जगभर गाजलं. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याने सुपर बोलच्या अंतिम क्षणी संघाला जिंकून दिलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये त्याने पिस्तूल होल्स्टरशिवाय नुसतं पँटच्या कमरेत खोचलं होतं. ते पायावरून खाली घसरलं, गोळी सुटली आणि त्याच्याच मांडीत शिरली. न्यूयॉर्कमध्ये हत्यार बाळगण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता आणि पुढच्या वर्षी त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. जगातल्या सर्वांत चपळ हातांपैकी एक हात त्याचा होता. घसरतं पिस्तूल सावरायला तो हातसुद्धा पुरा पडला नाही. पाठीमागे मणक्याशी खोचण्यात तर आणखी एक धोका आहे: पावसाळ्यात पाय घसरून माणूस पाठीवर आपटला, तर लोखंडाचा गोळा थेट मणक्यावर बसतो.

दुसरं मत अधिक अभिमानाने मांडलं जातं. हत्यार दिसलं पाहिजे, तरच धाक बसतो. लपवून ठेवणं हे भित्र्याचं काम. म्हणून पट्ट्याच्या बाहेर चकचकीत चामडी होल्स्टर, शर्ट मुद्दाम मागे सारलेला. दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की तेच हत्यार हातात घेऊन फोटो. या मताला आधार म्हणून परंपरेकडे बोट दाखवलं जातं, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला त्या भूमीचे आम्ही, असंही ऐकायला मिळतं. वसईच्या मोहिमेत मराठा सैन्य उघड शत्रूशी लढलं. तो वारसा सांगून बाजारात भाजी घेणाऱ्या लोकांना कमरेचं लोखंड दाखवायचं, यात त्या सैन्याचा गौरव कुठेच नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. शस्त्र नियम २०१६ सांगतात, की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच बनवलेल्या धारकात अंगाला जोडलेलं असावं, किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत असावं. ते पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. सार्वजनिक ठिकाणी हत्यार परजणं आणि झाडणं यालाही याच नियमांनी बंदी केली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने समारंभात हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठरवलं. म्हणजे बाहेरचं होल्स्टर उघडं मिरवणारा माणूस परवान्याच्या मूळ हेतूविरुद्धच वागत असतो. आणि धाकाचं म्हणाल, तर ज्याला खरोखर हल्ला करायचा आहे त्याला दिसणारं हत्यार दोनच गोष्टी शिकवतं: आधी कुणाला गाठायचं आणि काय हिसकावायचं. झाकलेलं हत्यार या दोन्हींपासून वाचवतं. आजूबाजूच्या बायामाणसांना, लेकरांना विनाकारण घाबरवत नाही, हा त्याचा तिसरा गुण, आणि माझ्या लेखी तोच पहिला.

तिसरं मत शहाण्या, सावध माणसांचं आहे, म्हणून त्याचा विचार जास्त आदराने करावा लागतो. ते म्हणतात, अंगावर नकोच. बॅगेत ठेवा, गाडीच्या कप्प्यात ठेवा, ऑफिसच्या कपाटात ठेवा. घरी असताना हत्यार कुलपात असावं, हे शंभर टक्के बरोबर. पण बाहेर नेलेलं हत्यार अंगापासून सुटलं की त्याचा मालक बदलायला वेळ लागत नाही. सकाळच्या लोकलमध्ये बॅग फळीवर जाते. भाईंदरच्या खाडीचे पूल ओलांडेपर्यंत तिच्यावर आणखी चार बॅगा पडलेल्या असतात आणि तिचा मालक दारापासून आत ढकलला गेलेला असतो. पिशवीत नेण्याची मुभा नियमांनी दिली आहे, पण त्याच नियमांनी ताब्याची अटही घातली आहे, आणि फळीवरच्या बॅगेवर कुणाचा ताबा असतो?

कपाटाचं तर फार दुःखद उदाहरण याच पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यात घडलं. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्या मॉरिस नोरोन्हाने नंतर स्वतःलाही संपवलं. तपासात पोलिसांनी सांगितलं, की वापरलेलं पिस्तूल नोरोन्हाच्या अंगरक्षकाच्या नावच्या परवान्यावरचं होतं आणि ते नोरोन्हाच्या कार्यालयात ठेवलेलं असे. परवाना एकाचा, कपाट दुसऱ्याचं. ज्याच्या नावावर शासनाने विश्वास टाकला त्याच्या अंगावर ते हत्यार असतं, तर ती संध्याकाळ कशी गेली असती हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक गोष्ट उघड आहे: दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेल्या हत्याराला परवान्याने काहीच संरक्षण मिळत नाही, उलट परवान्याचा तो घात असतो. बाहेर पडलेलं हत्यार धारकाच्या अंगाला, त्याच्याच हाताच्या टप्प्यात आणि कपड्याखाली असावं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी सोय म्हणजे आतलं होल्स्टर.

चौथं मत पैशाच्या बाजूने येतं. आतलं होल्स्टर घ्यायचंच तर परदेशी, नामांकित, महागडं घ्या. स्वस्तात जीव घालू नका. ऐकायला हे फार जबाबदार वाटतं. मला यात दोन चुका दिसतात. पहिली तांत्रिक. परदेशी कंपन्यांची आखीव साच्यातली होल्स्टरं प्रामुख्याने तिकडे खपणाऱ्या ९ मि.मी. पिस्तुलांसाठी बनतात. आपल्याकडे ९ मि.मी. हा सामान्य नागरिकाला वर्ज्य बोअर आहे. इथल्या परवानाधारकाकडे बहुधा ०.३२ बोअरचं सरकारी कारखान्यातलं ‘अशनी’ पिस्तूल, त्याच बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा वाडवडिलांकडून आलेलं जुनं विलायती हत्यार असतं. दुसऱ्याच पिस्तुलाच्या मापाचं महागडं होल्स्टर यांच्यासाठी निरुपयोगी आहे. त्यात हत्यार बसल्यासारखं वाटतं, पण चापाजवळ पोकळी राहते किंवा नळी आत डुगडुगते. भारी पैसे मोजले आहेत या समाधानात ती पोकळी कुणी तपासतही नाही.

दुसरी चूक न्यायाची. हत्यार बाळगणारे सगळे बिल्डर नसतात. अनेकदा ते अंगरक्षक असतात, उत्तर प्रदेश-बिहारमधून किंवा आपल्याच मराठवाड्यातून आलेले, माजी सैनिक किंवा गावाकडच्या परवान्यावर नोकरी धरलेले. दिवसाचे बारा तास उभं राहायचं, भाड्याच्या खोलीत राहायचं आणि होल्स्टर मात्र स्वतःच्या पगारातून घ्यायचं. त्यांना ‘महाग घ्या नाहीतर घेऊ नका’ असं सांगणं म्हणजे त्यांना पुन्हा कापडी खोळीकडे ढकलणं. खरं तर ज्याच्या जिवासाठी ते उभे आहेत त्याने होल्स्टर आणि पट्टा यांचा खर्च उचलला पाहिजे. पण तो उचलेपर्यंत स्वस्तात सुरक्षित काय मिळेल हे सांगणं आपलं काम आहे.

पाचवं मत नेमकं उलट टोकाचं: सगळी होल्स्टरं सारखीच, मिळेल ते ‘युनिव्हर्सल’ घ्या. लहान-मोठ्या सगळ्या हत्यारांना चालणारं मऊ नायलॉनचं पाकीट बाजारात सर्वांत सहज मिळतं आणि माझा सर्वांत मोठा विरोध त्यालाच आहे. उसन्या चपलेत चार पावलं चालता येतं, पण चिखलात पाय अडकला की चप्पल तिथेच राहते. सगळ्यांच्या मापाचं होल्स्टर कुणाच्याच मापाचं नसतं. पिस्तूल उपसलं की त्याचं तोंड मिटतं, मग परत ठेवताना माणूस नळीनेच ते उघडतो. कापड इतकं पातळ, की बाहेरून बोट दाबलं तर आतला चाप हलतो. कापड वापरून सैल पडलं की त्याची कड आत दुमडते आणि पिस्तूल आत सारताना तीच घडी चापावर बोटासारखी दाब देते. जुन्या, मऊ पडलेल्या चामडी होल्स्टरांतही नेमकं असंच होतं. स्वस्तपणा हा या पाकिटाचा दोष नाही. त्याला आकारच नाही, हा त्याचा दोष आहे.

शेवटचं मत या लेखावरच आक्षेप घेतं. होल्स्टरबद्दल लिहिणं म्हणजे हत्याराला प्रतिष्ठा देणं. नायगावला पिस्तुलंच नकोत. या आक्षेपामागची कळकळ माझीही आहे. परवाना मागणाऱ्या बऱ्याच लोकांना हत्याराची गरज नसते आणि ज्यांची गरज संपली त्यांनी ते जमा करून मोकळं व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. निवडणूक आली की पोलीस परवानाधारकांकडून हत्यारं जमा करून घेतात; तेवढे आठवडे ज्यांचं काहीच अडलं नाही, त्यांनी तरी विचार करावा. पण परवाना द्यायचा की नाही हे पोलीस आयुक्त ठरवतात, मी किंवा तुम्ही नाही. जे हत्यार कायद्याने आज रस्त्यावर आहे ते सैल कापडात असावं की घट्ट साच्यात, या प्रश्नावर गप्प राहिल्याने रस्त्यावरचं एकही हत्यार कमी होत नाही. अपघात मात्र वाढतात.

आणि अपघात अनुभवी, प्रसिद्ध माणसालाही सोडत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. ते विरारमध्ये वाढलेले, म्हणून आपल्या भागात ती बातमी घरच्यासारखी वाचली गेली. बाहेरगावी निघण्याच्या गडबडीत रिव्हॉल्व्हर ठेवताना ते हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. हा प्रसंग घरात घडला, होल्स्टरचा तिथे संबंध नव्हता. तरी त्यातून शिकण्यासारखं आहे ते हेच, की धोका सर्वांत जास्त असतो तो हत्यार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवताना: ठेवताना, काढताना, सावरताना. विशेषतः जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरात घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसेल, तर घोड्यावर आपटल्यानेच गोळी सुटू शकते. म्हणून तशा रिव्हॉल्व्हरात घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जुनी रीत आहे. चांगलं होल्स्टर ही हलवाहलव कमी करतं. होल्स्टरसकट पिस्तूल कमरेतून काढता येतं आणि होल्स्टरसकट तिजोरीत ठेवता येतं. चापाला दिवसभरात हात लागायचं कारणच उरत नाही.

खंडन इथे पुरं झालं. आता मंडन.

कमी पैशात होल्स्टर निवडायचं तर पहिली कसोटी चापाची. चापाभोवतीची संपूर्ण कडी कडक पदार्थाने दोन्ही बाजूंनी झाकलेली असली पाहिजे. बाहेरून अंगठ्याने जोरात दाबलं तरी आत काही हललं नाही पाहिजे. दुसरी कसोटी पकडीची: उलटं धरून हलवलं तरी रिकामं पिस्तूल होल्स्टरमधून पडलं नाही पाहिजे. तिसरी तोंडाची: पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड आपोआप उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे एका हाताने, न चाचपडता ते परत ठेवता येतं. चौथी कसोटी क्लिपची. पट्ट्याला अडकवणारी क्लिप पट्ट्याच्या खालच्या कडेला आकड्यासारखी अडकली पाहिजे, नाहीतर घाईत उपसताना पिस्तुलाबरोबर होल्स्टरही हातात येतं.

हे तपासायला घर पुरतं, मात्र शिस्त पाळून. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, मग पुन्हा एकदा तपासायचं. रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून गादीवर उलटं धरायचं आणि हलवायचं. ते पडलं तर होल्स्टर परत करायचं. पडलं नाही तर कमरेला लावून खुर्चीत बसायचं, वाकून बुटाची नाडी बांधायची, जिना चढायचा, दुचाकीवर टांग टाकायची. कुठेही ते वर उसळलं, फिरलं किंवा नळी पोटाकडे वळली तर ते आपलं होल्स्टर नाही.

पदार्थ कुठला घ्यावा याचं उत्तर आपल्या हवामानाने दिलेलं आहे. खाडीचं खारं वारं, दमटपणा, घाम आणि चार महिन्यांचा पाऊस असा हा किनारा आहे. आतलं होल्स्टर तर थेट कातडीला लागतं. चामडं घाम पितं, पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि ओल धरून ठेवल्यामुळे आतल्या पोलादावर गंज चढतो. गरम करून साच्यावर बसवलेल्या कडक प्लास्टिकच्या पत्र्याचं होल्स्टर, ज्याला बाजारात कायडेक्स म्हणतात, घाम पीत नाही, पाण्याने धुता येतं आणि आकार सोडत नाही. त्याचा स्क्रू ढिला-घट्ट करून पकड जुळवता येते. म्हणून नायगावसारख्या ठिकाणी माझा कौल कायडेक्सला. चामडंच हवं असेल तर ते जाड, हत्यारावर ओलं बसवून वाळवलेलं आणि तोंडाशी आत पट्टी घालून कडक केलेलं असावं, आणि रात्री पिस्तूल त्यातून काढून पुसून ठेवावं. कुठल्याही होल्स्टरला अंगाच्या बाजूने एक उंच पाळी असावी, म्हणजे घाम थेट स्लाइडवर येत नाही.

०.३२ च्या देशी हत्यारासाठी तयार माप मिळत नाही, ही खरी अडचण आहे. तिच्यावर उपाय म्हणजे बनवून घेणं. हातकाम करणारे कारागीर आपल्याकडे कमी नाहीत; धारावीच्या चामड्याच्या कामाची ख्याती तर देशाबाहेर आहे. पण पिस्तूल कारागिराच्या दुकानात ठेवून यायचं नाही, एका रात्रीपुरतंही नाही. रिकाम्या पिस्तुलाची कागदावर बाह्यरेषा घ्यावी, जाडीची मापं टिपावीत आणि सुताराकडून ओबडधोबड लाकडी साचा करून घ्यावा. कारागिराला तो साचा द्यावा. शेवटची जुळवणी स्वतः, घरी, वर सांगितलेल्या शिस्तीने करावी. यात नामांकित कंपनीच्या होल्स्टरपेक्षा कमी खर्च येतो आणि माप मात्र नेमकं मिळतं.

पट्ट्याचा खर्च टाळू नये. मऊ, फॅशनचा पट्टा पिस्तुलाच्या वजनाने बाहेर कलंडतो आणि उत्तम होल्स्टरही निकामी करतो. सुमारे दीड इंच रुंद, न वाकणारा पट्टा हवा; पँट कमरेला एक-दोन इंच मोठी हवी. शर्ट बाहेर सोडायची आपली पद्धत या कामाला अनुकूलच आहे. जागा म्हणाल तर उजव्या हाताच्या माणसाने उजव्या कुशीवर, किंचित मागे ठेवणं बसताउठताना सोयीचं. लोकलच्या दाटीत मात्र ती बाजू कोपराखाली दाबून धरावी लागते. पोटापुढे ठेवलं तर ताबा अधिक राहतो, पण बसताना नळी जांघेच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे रोखली जाते. तिथे गोळी लागली तर मिनिटांत रक्तस्रावाने जीव जातो. माझा सल्ला कुशीचाच आहे.

आणि शेवटी हाताची सवय. उपसण्याची घाई सगळे शिकतात, परत ठेवणं कुणी शिकत नाही. परत ठेवताना शर्टाची कड किंवा जॅकेटची दोरी होल्स्टरच्या तोंडात जाते आणि चापाला अडकते. म्हणून ठेवताना थांबायचं, शर्ट दुसऱ्या हाताने पूर्ण वर धरायचा, खाली बघायचं, बोट चापापासून लांब सरळ ठेवायचं आणि हळू सारायचं. हत्यार परत ठेवण्याची घाई नागरिकावर कधीच नसते. चेंबर रिकामं ठेवून बाळगणाऱ्यांनीही हीच सवय ठेवावी. रिकाम्या चेंबरच्या ज्या खात्रीच्या बळावर सैल होल्स्टर चालवून घेतलं जातं, ती खात्री एक दिवस चुकते.

या सगळ्यातून माझ्या तीन मागण्या निघतात. शस्त्रविक्रेत्यांनी पिस्तुलाबरोबर युनिव्हर्सल खोळ विकणं बंद करावं आणि गिऱ्हाइकाच्या हत्याराला बसतं का हे समोर दाखवूनच होल्स्टर द्यावं. अंगरक्षक नेमणाऱ्या मालकांनी होल्स्टर-पट्ट्याचा खर्च पगाराव्यतिरिक्त द्यावा आणि हत्यार स्वतःच्या कपाटात ठेवून घेणं बंद करावं. पोलीस आयुक्तालयाने परवान्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना हत्याराबरोबर होल्स्टरही तपासावं: चाप झाकला जातो का, उलटं धरल्यावर हत्यार पडतं का, एवढंच. या तपासणीला दोन मिनिटं लागतील आणि तिजोरीतला एक पैसाही खर्च होणार नाही. परवाना हा शासनाने एका माणसावर टाकलेला विश्वास आहे. त्या माणसाशेजारी उभ्या असलेल्या आपल्या सगळ्यांच्या वतीने तो टाकलेला असतो. आपल्या वतीने टाकलेल्या विश्वासाची तपासणी मागणं हे नायगावकरांचं कर्तव्य आहे, आणि ती मागणी आपण लेखी, नावानिशी, आयुक्तालयाकडे करायला हवी.